पत्रा सांभाळणारं दुकान: नाना पेठेतल्या मोटर रिवायंडिंगचा अनुभव

पुण्यात क्वार्टर गेटच्या बाजूने नाना पेठेत शिरलं की गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं लागतात. त्यातल्याच एका बोळात, टायरवाल्याच्या पुढे, मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरच्या आतली तार नव्याने भरायचं, एक जुनं दुकान आहे. पाटीवर 'मोटर, पंप, स्टार्टर दुरुस्ती' एवढंच लिहिलंय, तेही अर्धं पुसलेलं. तुमच्याबद्दल लिहू का, असं मालकांना विचारलं, तर म्हणाले, "कामाबद्दल लिहा ताई. नाव घालू नका, फोन नंबर तर अजिबात देऊ नका. आहे तेच उरकत नाही." म्हणून नाव-नंबर देत नाही. बोळाच्या तोंडाशी कुणालाही 'रिवायंडिंगवाले काका' म्हणून विचारा, बोट दाखवतील.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण असं की आमच्या गिरणीच्या एकाच मोटरवर मी तीन महिन्यांत दोनदा पैसे घातले होते आणि मोटरला नेमकं काय झालंय ते काकांकडे येईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. गिरणी, पिठाची चक्की, सोसायटीचा पाण्याचा पंप, कशाचीही मोटर जळाली की आपण 'वायंडिंग गेलं' म्हणतो आणि मोकळे होतो. वायंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तार, ज्या लोखंडावर बसतं त्याकडे कुणी बघत नाही. मी फिजिक्स घेऊन एस. पी. कॉलेजातून बी.एस्सी. झाले, तरी मलाही ते सुचलं नव्हतं.

धनकवडीत आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी सुरू केली, गेली 19 वर्षं मी बघते. गव्हाच्या चक्कीला 10 हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर आहे, 1440 आरपीएमची. ती बंद म्हणजे गिरणी बंद. बाजरी, ज्वारी, डाळीच्या पिठाला छोटी चक्की आहे, पण रोजचे डबे गव्हाचेच.

आषाढात एका संध्याकाळी एका फेजचा फ्यूज उडाला. दगड चालूच होता, मोटर दोन फेजवर कण्हत राहिली, आणि मी डबा उतरवून वळेपर्यंत जळकट वास सुटला. याला सिंगल फेजिंग म्हणतात. उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट खेचला जातो आणि वायंडिंग जळतं. हा दोष सर्वस्वी आमच्या स्टार्टरचा होता, त्याबद्दल कुणाला बोल नाही.

घराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मोटर टाकली. 4,200 रुपये, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. इतक्या लवकर कसं जमतं म्हणून मी मुद्दाम बघायला गेले होते. रस्त्याच्या कडेला स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा बाहेरचा भाग, आडवा ठेवून त्याच्या पोटात जुनी तार तशीच पेटवली होती. वरून गॅसच्या टॉर्चची निळी ज्योत फिरत होती. काळा धूर, वार्निशचा उग्र वास. तार लालभडक झाली तशी पक्कडीने ओढून काढली. न निघालेली छिन्नी-हातोडीने काढली, आणि शेवटी तार बसायच्या खाचांवरून कानस फिरवली. मला वाटलं, अशीच पद्धत असेल.

मोटर आली, चालू झाली. मेगर, म्हणजे तारेतून बॉडीत वीज गळते का ते बघायचं मीटर, लावून दाखवला, काटा अगदी छान. करंटही बरोबर. पण तासाभरात बॉडी इतकी तापायची की तीन म्हणेपर्यंत हात काढावा लागे. पूर्वी अख्खा दिवस चालून एवढी तापत नव्हती. विचारलं तर म्हणाले, व्होल्टेज कमी असेल. गणपतीच्या आठवड्यात, मोदकाच्या पिठीची गर्दी असताना, मोटर पुन्हा गेली. परत तिथेच, परत तशीच जाळपोळ, परत 4,200. या खेपेला फॅन बदलून दिला. तापणं कायम.

खंडेनवमीला दरवर्षीसारखी यंत्रांची पूजा केली. मोटरला झेंडूची माळ घातली. पूजेनंतर दोन-तीन जणांचं दळण राहिलं होतं म्हणून चक्की चालू केली. दीड तासाने बघते तर बॉडीला टेकलेली फुलं करपून तपकिरी झालेली. पट्टा देणारा मुलगा योगायोगाने तेव्हा दुकानातच होता. त्याने माळ बघितली आणि म्हणाला, "काकू, हिला नाना पेठेत न्या." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी छोट्या हत्तीत टाकून मोटर काकांकडे नेली.

दुकान म्हणजे दहा बाय पंचवीसची लांबट खोली. डाव्या भिंतीला पोटं उघडी ठेवलेले स्टेटर रांगेने. उजवीकडे खाचांत घालायचे लेदरॉइडचे कागद, बांबूच्या खपच्या, तारेची रिळं, गेजप्रमाणे, म्हणजे जाडीप्रमाणे, लावलेली. मागे पत्र्याची भट्टी, तिच्या दारावर तापमानाचे लाल आकडे. काका पासष्टीच्या आसपासचे असतील. मी जळलेल्या वायंडिंगची गोष्ट सांगायला लागले, तर म्हणाले, "थांबा ताई, आधी तिला बोलू दे."

मोटर उघडली नाही. आधी पट्ट्याशिवाय, लोडशिवाय, तशीच रिकामी चालवली. करंटबरोबर वॉटमीटर लावला. करंट ठीकच होता. वॉटमीटरने दाखवले 780 वॉट. काका म्हणाले, 10 हॉर्सपॉवर म्हणजे 7.5 किलोवॉटची मोटर, रिकामी फिरताना 400 ते 450 वॉट घ्यायला हवी. वरचे सव्वातीनशे वॉट कुठे चाललेत? दगड फिरत नाही, पट्टा नाही. मग ते उष्णता होऊन लोखंडात चाललेत. मी विचारलं, मग करंटमध्ये का नाही दिसलं? तर म्हणाले, रिकाम्या मोटरचा करंट बहुतेक सगळा चुंबकत्व उभं करण्यातच जातो, त्यात एवढी भर दिसत नाही. वॉट वेगळे मोजायला लागतात. माझ्या दृष्टीने या दुकानाची खरी ओळख इथेच झाली. आधीच्या ठिकाणी दोन खेपांत कुणी वॉट मोजले नव्हते.

काकांनी आणखी एक गोष्ट आपणहून सांगितली. हल्लीच्या चांगल्या मोटरीसुद्धा पूर्ण लोडवर हाताला चटका बसेल इतक्या तापतात, त्यांचं इन्सुलेशन, म्हणजे तारेभोवतीचं वीज अडवणारं आवरण, क्लास एफचं, म्हणजे 155 अंश सोसणारं असतं. त्यामुळे नुसती बॉडी गरम म्हणून घाबरू नये. लोड नसताना तापते का, आणि पूर्वीपेक्षा जास्त तापते का, हे बघायचं.

मग उघडली. रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, बाहेर काढल्यावर स्टेटरच्या आत बॅटरीचा टॉर्च धरला आणि मला वाकून बघायला लावलं. आत खाचा, खाचांच्या मधे दात. चांगल्या जागी दातांवर बारीक बारीक रेघा दिसत होत्या, वहीच्या पानांच्या कडा दिसतात तशा. डाव्या अंगाला तळहाताएवढ्या जागेत त्या रेघाच नव्हत्या. लोखंड पुसल्यासारखं सपाट, वर निळसर-जांभळी झाक. कानस फिरून कडा एकमेकींत दबल्या होत्या.

"या रेघा म्हणजे स्टँपिंग," काका म्हणाले. "अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे. शेकडो. प्रत्येकाला इन्सुलेशनचा हात दिलेला. इथे ते सगळे एकमेकांना चिकटलेत."

मला एकदम चिरोटे आठवले, आणि मी तसं म्हणालेही. चिरोट्याच्या पोळ्या एकीवर एक ठेवताना मधे तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावतो. साटा नीट लागला तर तळताना पापुद्रे सुटतात. साटा चुकला, किंवा लाटताना कडा दाबल्या गेल्या, तर तो चिरोटा राहत नाही, जाड पुरी होते. काकांना ते इतकं पटलं की आत कॉइल भरणाऱ्या सूनबाईंना हाक मारून त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

पापुद्रे करायचे कशाला, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच उभं आहे.

मोटरमधलं लोखंड नुसतं तारा धरायला नसतं. तारेतून वीज गेली की चुंबकत्व तयार होतं, आणि त्या चुंबकत्वाचा रस्ता म्हणजे हे लोखंड. लोखंड काढून टाकलं तर तेवढ्याच तारेत मोटर दगड हलवूसुद्धा शकणार नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे स्टेटरमधलं चुंबकत्व सेकंदाला 100 वेळा उलटसुलट होतं. मायकेल फॅराडेने 1831 मध्ये दाखवलं की चुंबकत्व बदललं की त्याच्या भोवतीच्या वाहकात वीज निर्माण होते. मोटर, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर सगळे त्यावर चालतात. पण हा नियम तांब्याच्या तारेपुरता नाही. लोखंडही वीज वाहून नेतं. मग ज्या लोखंडातून हे बदलतं चुंबकत्व जातं, त्या लोखंडाच्याच अंगात वीज निर्माण होते आणि आतल्या आत गोल फिरत राहते. ती कशाला जोडलेली नसते, दगड फिरवत नाही, फक्त तापवते.

हेच एडी करंट. खडकवासल्यातून पाणी सोडलं की लकडी पुलावर उभं राहून बघा, खांबांच्या मागे पाणी पुढे न जाता जागच्या जागी गरगरतं. एडी म्हणजे तसा भोवरा. लिऑं फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1855 मध्ये चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून पाहिली. चुंबकाच्या मधे आल्यावर तबकडी फिरवायला जास्त जोर लागायला लागला आणि ती तापली. फ्रेंच लोक आजही या प्रवाहांना फूकोचे प्रवाह म्हणतात. घरातली इंडक्शन शेगडी याच भोवऱ्यांवर पातेल्याचा बुडखा तापवते. जुन्या वीजमीटरमधली ॲल्युमिनियमची चकती यांच्यावरच फिरायची, आणि तिला आवरणारा चुंबकही यांच्याच जोरावर ब्रेक लावायचा. तिथे ते हवेत. मोटरच्या लोखंडात अजिबात नकोत.

लोखंड एकसंध ठोकळ्याचं केलं तर भोवऱ्याला मोठा फेरा घ्यायला भरपूर जागा मिळते. फेरा मोठा, म्हणजे त्याच्या पोटातून जाणारं चुंबकत्व जास्त, म्हणजे व्होल्टेज जास्त. वाटही रुंद, म्हणजे अडथळा कमी. दोन्ही बाजूंनी नुकसानच. शिवाय हे भोवरे स्वतःचं उलटं चुंबकत्व उभं करतात, त्यामुळे मूळ चुंबकत्व ठोकळ्याच्या आत शिरतच नाही, कातडीवरूनच जातं, आणि आतलं लोखंड नुसतं वजनाला राहतं. पातळ पत्रे करून मधे इन्सुलेशन दिलं की भोवऱ्याला एका पत्र्याच्या जाडीतच फिरावं लागतं. अशा पातळ पत्र्यांत जाडी निम्मी केली की तेवढ्याच वजनाच्या लोखंडातली ही उष्णता पावपट होते. म्हणून मोटरमध्ये 0.5 किंवा 0.65 मिलिमीटरचे पत्रे असतात, आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये त्याहून पातळ.

पत्रे रचायची दिशाही ठरलेली. मी विचारलं की मधे इन्सुलेशन आलं तर चुंबकत्वही अडेल ना? काकांनी एक सुटं स्टँपिंग हातात दिलं. भाकरीएवढी चकती, मधे मोठं भोक, आतल्या कडेला दात. चुंबकत्व या चकतीच्या पातळीतच फिरतं, एका दातातून वर, पाठीवरून वळसा, दुसऱ्या दातातून खाली. त्याला एका चकतीतून दुसरीत जायचंच नसतं. भोवऱ्यांना मात्र चुंबकत्वाला आडवं फिरायचं असतं, म्हणजे एका चकतीतून दुसरीत जावंच लागतं. इन्सुलेशन बरोबर त्यांच्याच वाटेत येतं. मी ते स्टँपिंग बराच वेळ हातात धरून बसले होते. कॉलेजात हे सगळं पाठ केलं होतं, पण चकती बोटांत धरल्यावर जे कळलं ते तेव्हा कळलं नव्हतं.

पत्राही साधा नसतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने 1900 च्या सुमारास पोलादात थोडं सिलिकॉन घालून बघितलं. तीनेक टक्के सिलिकॉन घातलं की लोखंडाचा विजेला होणारा अडथळा चार-पाच पट वाढतो आणि चुंबकत्व तरीही सुखाने जातं. आणखी घातलं तर पत्रा ठिसूळ होतो, लाटता येत नाही, स्टँपिंग कापताना तडकतो. लोखंड तापायचं दुसरंही एक कारण असतं, दर वेळी चुंबकत्व उलटवताना लोखंड जी कुरकुर करतं ते, हिस्टेरेसिस. त्यावर पापुद्र्यांचा उपाय चालत नाही. तिथे सिलिकॉन आणि पत्र्याला दिलेली नीट ऊब उपयोगी पडते. उलट छिन्नीने ठोकलं की तेही बिघडतं.

आता आमच्या मोटरकडे. गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीने एका जागी पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळून गेलं होतं. ते असतं केसापेक्षा कितीतरी पातळ. वरून कानशीने कडा एकमेकींवर ओढल्या गेल्या. काका म्हणाले, "पुढे दातांवर पत्रे चिकटले. मागे ते सगळे बॉडीला टेकलेले असतातच. झाला फेरा पूर्ण." मेगर हे कधीच दाखवणार नाही, कारण मेगर तार आणि बॉडी यांच्यामधलं इन्सुलेशन बघतो. पत्र्या-पत्र्यांमध्ये काय चाललंय ते त्याला कळत नाही.

जुनं वायंडिंग काढल्यावर काकांनी मला मुद्दाम फोन करून बोलावलं, रिंग टेस्ट बघायला. मोकळ्या स्टेटरच्या पोटातून जाड केबल घालायची, बाहेरून वळसा देऊन पुन्हा पोटातून, असे दहा-बारा फेरे, बांगडीला दोरा गुंडाळतात तसे. त्यात करंट सोडला की स्टेटरच्या पाठीच्या लोखंडातून चुंबकत्व गोल फिरायला लागतं. रोटर नाही, वायंडिंग नाही, काही फिरत नाही, फक्त लोखंडाची परीक्षा. एक संथ घुंऽऽ आवाज सुरू झाला. वीस मिनिटांनी काकांनी केबल बंद केली आणि म्हणाले, हात घाला. मी आत हात घालून दातांवरून तळवा फिरवला. उजवीकडे कोमट. खाली कोमट. वर कोमट. डावीकडे त्या निळसर जागेवर आले आणि हात झटकन मागे आला, तापत ठेवलेल्या तव्याच्या कडेला लागावं तसा. बंदुकीसारख्या थर्मामीटरने मोजलं, बाकी सगळीकडे 38 च्या आसपास आणि तिथे 62. दहा-पंधरा अंशांच्या वर फरक गेला तर त्या लोखंडावर वायंडिंग घालायचं नाही, असा काकांचा नियम.

तो तळहाताएवढा तुकडा दिवसभर स्वतःच्या अंगावरच्या नव्याकोऱ्या वायंडिंगला शेकत होता. इन्सुलेशनच्या बाबतीत ठोकताळा असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. दोनदा पैसे घालून मोटर का टिकली नाही, ते त्या क्षणी तळव्याला कळलं. तेव्हा राग आला, खोटं सांगत नाही. पण माझ्या मते आधीच्या वर्कशॉपनेही फसवलं नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं की ते काय जाळतायत.

काकांनी दोन पर्याय ठेवले. जळकी जागा पाठीपर्यंत खोल गेली असेल तर नवी मोटर घ्या, स्टेटरमध्ये पैसे घालू नका. वरवरची असेल तर मी मोकळी करून बघतो, पण जमलं नाही तर मजुरी घेणार नाही. मला हा व्यवहार आवडला. मी थांबायचं ठरवलं.

मग दीड दिवस एक कारागीर त्या तळहाताएवढ्या जागेवर बसला होता. हलक्या हाताने वरची दबलेली कड घासून काढायची, पातळ पात्याने दातांच्या टोकाचे पत्रे एकमेकांपासून किंचित सोडवायचे, मधे अभ्रकाचे पातळ पापुद्रे सरकवायचे, पातळ वार्निश मुरू द्यायचं. परत रिंग टेस्ट. पहिल्या खेपेला 51 आलं. परत घासणं, परत अभ्रक. दुसऱ्या खेपेला 43. काका म्हणाले, आता चालेल.

जुनी तार काढायची यांची पद्धत सांगायलाच हवी. एका बाजूने कॉइलची डोकी कापतात. स्टेटर भट्टीत ठेवतात, आणि लोखंडाचं तापमान 370 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. तिथे वार्निश जळून भुसभुशीत होतं, पत्र्यांमधलं इन्सुलेशन मात्र टिकतं. काही तास लागतात. बाहेर काढून गार झाल्यावर दुसऱ्या बाजूने कॉइल ओढली की जवळजवळ सहज निघते. छिन्नी लागत नाही. लाल आकडे सतत समोर, आणि भट्टीजवळ एक माणूस. आधीच्या ठिकाणी हेच काम दहा मिनिटांत टॉर्चने झालं होतं. त्या ज्योतीचं तापमान कुणी मोजलं असेल?

नवीन वायंडिंग सूनबाईंनी भरलं. जुन्या कॉइलचे वेढे मोजून, तारेचं गेज मायक्रोमीटरने बघून वहीत लिहून ठेवलं होतं, तेच आकडे परत घातले. बरेच जण तार बसवायला सोपी जावी म्हणून गेज बारीक करतात किंवा वेढे कमी करतात. वेढे कमी झाले की लोखंडात चुंबकत्व जास्त भरतं आणि पत्रे चांगले असूनही तापतात. खाचेत कागद, त्यात तार, वर बांबूची खपची. मग वार्निशमध्ये बुडवून पुन्हा भट्टीत. बेअरिंग दोन्हीकडची 6208 नवीन घातली. काका म्हणाले, बेअरिंग झिजून रोटर स्टेटरला घासला तर तोही दातांच्या कडा अशाच पुसून टाकतो, म्हणून बेअरिंगमध्ये काटकसर करू नका.

मोटर न्यायला गेले तेव्हा वॉटमीटर पुन्हा लावून दाखवला. रिकामी 430 वॉट. आधी 780 होते. साडेतीनशे वॉटचा फरक, रोज आठ तास गिरणी, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे सत्तरेक युनिट नुसते लोखंड शेकायला जात होते.

खर्च: वायंडिंग 7,800, पत्र्यांचं काम 1,500, बेअरिंग 1,100. एकूण 10,400. आधीच्या दोन्ही खेपांच्या बेरजेपेक्षा दोन हजार जास्त. स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण, लावल्याशिवाय मोटर देणार नाही म्हणाले, तो मी तपकीर गल्लीतून आणला.

तक्रारीही आहेत. तीन दिवस म्हणाले होते, लागले पाच. दिवाळी तोंडावर, भाजणीचे आणि चकलीच्या पिठाचे डबे माझ्याकडे रांगेने पडले होते, ते मला दुसऱ्या गिरणीत पाठवायला लागले. दीड दिवस पत्र्यांत गेला हे मान्य, पण उशीर होणार हे मला फोनवर कळवायला हवं होतं. रिंग टेस्टला बोलावलं, उशिराचं मात्र नाही सांगितलं. बोळात टेंपो शिरत नाही, हातगाडीवर मोटर आणायला लागते, त्याचे 100 रुपये वेगळे. उधारी नाही. दुपारी दीड ते चार बंद, गुरुवारी पूर्ण बंद. आणि काका बोलतात फार, घाईत असाल तर सूनबाईंशी बोला, त्या तितक्याच जाणकार आहेत.

अर्धा-एक हॉर्सपॉवरचा घरगुती पंप असेल तर इतक्या लांब नेण्यात अर्थ नाही, वायंडिंगच्या पैशात जवळजवळ नवीन येतो. पाचच्या वरची मोटर असेल, किंवा जुनी जाड लोखंडाची चांगल्या कंपनीची असेल, तर जरूर न्या. नेताना नेमप्लेट मोटरवरच राहू द्या, आणि आधी कुणी रिवायंडिंग केलं असेल तर तेही सांगा, काका त्याप्रमाणे आधी पत्रे बघतात. दुसरीकडे कुठे देणार असाल तर एवढं विचारा: जुनी तार भट्टीत काढता की टॉर्चने? आणि वायंडिंग भरण्याआधी रिंग टेस्ट करून दाखवाल का? उत्तर देताना समोरचा घुटमळला तर मोटर परत टेंपोत चढवा.

दिवाळीपासून गिरणी रोज चालू आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना मोटरवर हात ठेवून बघायची सवय लागली आहे. काल दिवसभर दळण होतं, लग्नाच्या घरचं पन्नास किलो. सातच्या सुमाराला हात ठेवला, वीसपर्यंत मोजले, काढावासा वाटला नाही.